सरकारी शिक्क्याचं पिस्तूल

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या रमना रेसकोर्सवर पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली आणि आपलं रिव्हॉल्व्हर लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या हाती दिलं. हा प्रसंग आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. त्याच्या पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पूर्व विभागाचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल जेकब यांनी नंतर ते रिव्हॉल्व्हर हातात घेऊन निरखलं. साधं, फौजेत सरसकट वाटलं जाणारं .३८. नळीत घाण साचलेली, बरेच दिवस कुणी चिंधी फिरवली नसावी अशी. दस्त्याला बांधायची दोरी मळकट आणि ठिकठिकाणी विरलेली. हे काही सेनापतीचं हत्यार नव्हे, असा निष्कर्ष जेकब यांनी आपल्या पुस्तकात नोंदवला आहे. नियाझींनी आपल्या एखाद्या मिलिटरी पोलिसाचं उचलून तेच आपलं म्हणून पुढे केलं असावं, असा त्यांचा तर्क.

आता या रिव्हॉल्व्हरचं मोल कसं करायचं? पोलाद म्हणून ते भंगाराच्या भावाचं. नमुना म्हणून पाहिलं तर त्याच्यासारखी लाखो. पण त्या दुपारी ते या हातातून त्या हातात गेलं आणि जगाने ते पाहिलं, म्हणून ते अनमोल. बरं, ते नियाझींचं नव्हतंच असं ठरलं तर मोल घटलं का? मला विचाराल तर वाढलं. हरलेल्या सेनापतीने शेवटच्या क्षणी केलेली लबाडी त्या मळक्या दोरीसकट जपली गेली असेल, तर आणखी काय हवं?

लष्करी पिस्तुलं जमवणाऱ्यांचं सगळं जग याच प्रश्नाभोवती फिरतं. त्यातही दुसऱ्या महायुद्धानंतरची पिस्तुलं जमवणाऱ्यांचं जास्तच. युद्धाआधीच्या जर्मन ल्यूगर पिस्तुलामध्ये निदान कारागिरी तरी दाखवता येते. १९४५ नंतरची पिस्तुलं कारखान्यातून हजारोंच्या थप्पीने बाहेर पडली, एकासारखं एक. तरीही त्यातली काही आज मोटारीच्या किमतीला जातात आणि तशीच दिसणारी दुसरी कुणी फुकटही घेत नाही. हा फरक कारखान्यात पडलेला नाही. तो पडला कचेऱ्यांमध्ये: कुणी किती मागवली, कुणी करार मोडला, कुणी आयात थांबवली, कुणी वितळवायचा हुकूम काढला. या पिस्तुलांची दुर्मिळता फायलींनी घडवली आहे.

जुन्या पिढीच्या संग्राहकांना हे पटत नसे. त्यांच्या लेखी १९४५ नंतरचं सगळं म्हणजे ‘सरप्लस’. ग्रीसमध्ये बुडवून, तेलकट कागदात गुंडाळून खोक्याने येणारा माल. चेकोस्लोव्हाकियाचं सीझेड ५२ हे त्याचं ठळक उदाहरण. १९५२ ते १९५४ एवढ्या थोड्या काळात सुमारे दोन लाख बनली. सोव्हिएत ७.६२ मि.मी. काडतुसाचीच जात, आणि नळी बंद ठेवायला दोन रुळांची अशी योजना, जी पिस्तुलांत क्वचितच आढळते. शीतयुद्ध संपल्यावर हीच पिस्तुलं अमेरिकेत शे-दीडशे डॉलरला मिळत. लोकांनी ती झोडपून वापरली, हौसेने क्रोम चढवला, दस्ते बदलले. आता त्यांच्यावरचे स्ट्राकोनिसच्या कारखान्याचे सांकेतिक ‘आरआयडी’ आणि दुरुस्तीखात्याचे ‘व्हीओझेड’ हे शिक्के भिंगातून तपासले जातात, आणि जे एके काळी कुणी उचललं नाही ते मूळ रंगात, मूळ मॅगझिनसह मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट पाहतात. स्वस्त वस्तूला माणूस जपत नाही, म्हणून ती पुढे दुर्मिळ होते. पितळेच्या भांड्यांचं आपल्याकडे हेच झालं.

या प्रांतातलं पहिलं प्रकरण युद्ध संपतं त्याच आठवड्यांत सुरू होतं. एप्रिल १९४५ मध्ये ओबरनडॉर्फ गाव फ्रेंच फौजेच्या ताब्यात आलं आणि त्याबरोबर माउझरचा अवाढव्य कारखानाही. आत अर्धवट बनलेले सुटे भाग पडलेले, कामगार गावातच, आणि फ्रान्सला हत्यारांची निकड. फ्रेंचांनी तोच कारखाना, तेच जर्मन कामगार लावून पी ३८ पिस्तुलं जोडायला घेतली. काही ल्यूगरही जोडली. युद्धाच्या अखेरीस माउझरची सांकेतिक खूण ‘एसव्हीडब्ल्यू’ होती. तीच चालू राहिली. म्हणजे ‘एसव्हीडब्ल्यू ४५’ लिहिलेलं पिस्तूल हिटलरसाठी बनलं की द गॉलसाठी, हे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. ‘एसव्हीडब्ल्यू ४६’ असेल तर प्रश्नच मिटला: जर्मनीत १९४६ साली जर्मन सैन्यच नव्हतं. फ्रेंच पिस्तुलांवर पाच टोकांचा छोटा तारा असतो आणि अंगाला काळ्याऐवजी एक मळका करडा लेप. संग्राहक त्यांना ‘करडी भुतं’ म्हणतात. त्यांतली कित्येक पुढे इंडोचायनात लढली. ज्या यंत्रावर नाझी सैन्यासाठी भाग कापले गेले, त्यातून निघालेली पिस्तुलं घेऊन फ्रेंच सैनिक व्हिएतनामी स्वातंत्र्यसैनिकांवर चालून गेले. एवढा सगळा इतिहास एका चिमुकल्या ताऱ्यात.

म्हणूनच हा तारा खोटा मारणारेही निपजले. खरं तर उलटं जास्त चालतं: फ्रेंच काळातल्या पिस्तुलावर गरुड-स्वस्तिकाचा ठसा मारून ते युद्धकाळातलं म्हणून विकणं. कारण बाजारात आजही नाझी ठशाला फ्रेंच ताऱ्यापेक्षा भाव जास्त. हे सांगायला मला संकोच वाटतो, पण आढावा घ्यायचा म्हटल्यावर लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना महायुद्धोत्तर पिस्तुलांची गोडी लागते त्यातल्या कित्येकांना नेमका हाच बाजार नकोसा झालेला असतो.

पी ३८ ची पुढची कथा म्हणजे जर्मनीची फाळणीच. ते मूळ बनवणाऱ्या वॉल्थर कंपनीचं गाव थुरिंगियात, सोव्हिएत विभागात गेलं. वॉल्थर घराण्याने पश्चिमेला ऊल्म शहरात नव्याने बस्तान बसवलं आणि १९५७ पासून नव्या पश्चिम जर्मन सैन्यासाठी तेच पिस्तूल पुन्हा बनायला लागलं, या खेपेस ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये. १९६३ मध्ये त्याचं नाव पी १ झालं. फ्रेमला तडे जाऊ नयेत म्हणून सत्तरीच्या दशकाच्या मध्यात तिच्यात एक षटकोनी पोलादी खिळा आडवा घातला. चापाच्या वरच्या बाजूला तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. नेमबाज खिळा असलेलं पिस्तूल शोधतात, ते टिकतं म्हणून. संग्राहक खिळा नसलेलं शोधतात. नव्वदीच्या दशकात सैन्याने हेकलर अँड कॉखचं पी ८ घेतल्यावर पी १ ढिगाने विक्रीला आली. आज पी १ दुर्मिळ नाही. पण दहा-वीस वर्षांनी तसं म्हणता येईल अशी पैज मी लावणार नाही.

जाता जाता: हेकलर अँड कॉख ही कंपनीही ओबरनडॉर्फचीच. माउझर बंद पडल्यावर तिथल्याच अभियंत्यांनी १९४९ मध्ये ती काढली. गाव तेच, कारागिरांची वस्ती तीच, फक्त पाटी बदलली.

या सगळ्या पंक्तीत मानाचं पान मात्र एकाच पिस्तुलाला मिळतं, आणि तिथे थोडं थांबलंच पाहिजे. स्वित्झर्लंडच्या नॉयहाउझनचं सिग पी २१०. मूळ कल्पना चार्ल्स पेटर यांच्या फ्रेंच पिस्तुलाची. सिगने १९३७ मध्ये तिचा परवाना घेतला, युद्धाची सारी वर्षं शांतपणे घासूनपुसून तयारी केली आणि १९४९ मध्ये स्विस सैन्याने ते स्वीकारलं. ९ मि.मी., मॅगझिनमध्ये आठ काडतुसं. बहुतेक पिस्तुलांत वरची स्लाइड खालच्या फ्रेमला बाहेरून मिठी मारून सरकते. पी २१० मध्ये उलटं: स्लाइड फ्रेमच्या पोटातून सरकते, तीही अख्ख्या लांबीभर. स्लाइड मागे ओढताना कुठे खडखड नाही, कुठे अडखळ नाही. नव्या कपाटाचा चांगल्या सुताराने बसवलेला खण ओढून पाहा; तो जसा हवा दाबत बाहेर येतो, तशी ती येते. तोटाही त्यातच आहे: स्लाइड आत दडल्यामुळे बोटांना धरायला जागा कमी, मॅगझिन सोडवायची कळ दस्त्याच्या तळाशी, दुसऱ्या हाताशिवाय न निघणारी. घाईच्या लढाईसाठी बनवलेलं हे पिस्तूल वाटत नाही. घड्याळं बनवणाऱ्या देशाने बनवलेलं मात्र वाटतं.

संग्राहकांना त्याचं यंत्र आवडतं, पण भांडतात ते त्यावरच्या अक्षरांसाठी. स्विस सैन्याच्या पिस्तुलांच्या क्रमांकाआधी ‘ए’ असतो. तिथे नोकरी संपल्यावर सैनिकाला आपलं हत्यार स्वतःकडे ठेवण्याची परवानगी असते, आणि तसं ते खाजगी झालं की त्यावर ‘पी’चा ठसा मारतात. म्हणजे एका छोट्या अक्षराने कळतं की हे पिस्तूल कुणीतरी तीस वर्षं घरच्या कपाटात सांभाळलं आणि मग रीतसर स्वतःचं केलं. डेन्मार्कने तेच पिस्तूल ‘एम/४९’ नावाने घेतलं. त्यावर मुकुटाखाली ‘एचटीके’, म्हणजे डॅनिश सैन्याच्या तांत्रिक खात्याचा ठसा. डॅनिश सैनिक त्याला नुसतं ‘नॉयहाउझन’ म्हणत, आणि २०१८ मध्ये बदली पिस्तूल निवडलं जाईपर्यंत म्हणत राहिले. जवळजवळ सत्तर वर्षं. याशिवाय पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीच्या सीमा सुरक्षा दलाने ५,००० नग घेतले. ही पी २१०-४. त्यांच्या क्रमांकाआधी ‘डी’. यंत्र म्हणून त्यात वेगळं फार नाही, पण सगळी मिळून पाच हजार, आणि सीमेवरच्या रोजच्या पहाऱ्यात वापरलेली. त्यातलं न घासलेलं, मूळ क्रमांक जुळणारं मिळालं तर घेणाऱ्याचा हात थरथरतो असं म्हणतात. किमतीमुळेही असेल.

क्रमांक जुळणं, हा या छंदातला मूलमंत्र. स्लाइड, फ्रेम, नळी, कधी मॅगझिनसुद्धा एकाच क्रमांकाचं हवं. सैन्याला याचं सोयरसुतक नसतं. दुरुस्तीखात्यात पंधरा पिस्तुलं एकाच टेबलावर उघडली जातात आणि जे ज्याला बसेल ते लावलं जातं. सैन्याची काटकसर आणि संग्राहकाचा सोवळेपणा यांचं इथे कायमचं वाकडं.

अमेरिकेच्या १९११ए१ या .४५ पिस्तुलाइतकं हे कुठेच स्पष्ट दिसत नाही. महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सैन्याकडे ही इतकी साठली होती की पुढे नवी मागवावी लागलीच नाहीत. १९८५ मध्ये बेरेटाचं एम ९ येईपर्यंत चाळीस वर्षं तीच पिस्तुलं पुन्हा पुन्हा खोलून, घासून, नव्या नळ्या घालून वापरली. कोरिया, व्हिएतनाम, सगळीकडे. त्यामुळे फ्रेम रेमिंग्टन रँडची आणि स्लाइड कोल्टची, हे नेहमीचं. दुरुस्ती कुठे झाली तेवढं फ्रेमवर लिहिलेलं: ‘एए’ म्हणजे ऑगस्टा, ‘आरआयए’ म्हणजे रॉक आयलंड. जुने संग्राहक असल्या पिस्तुलांना ‘खिचडी’ समजून नाक मुरडत. आता हीच अक्षरं युद्धोत्तर इतिहासाची पानं म्हणून वाचली जातात, आणि ते योग्यच आहे. १९४३ च्या पिस्तुलाचं १९५२ मधलं आयुष्य खोटं कसं?

त्यातली सुमारे एक लाख पिस्तुलं सैन्याच्या गोदामांत पडून होती. एका पिस्तुलाच्या साठवणीला वर्षाला दोनेक डॉलर खर्च येतो, असा हिशेब संसदेत मांडला गेला आणि २०१५ च्या अखेरीस वर्षाला दहा हजारपर्यंत पिस्तुलं नेमबाजीच्या एका सरकारमान्य संस्थेमार्फत नागरिकांना विकायला परवानगी मिळाली. २०१८ मध्ये अर्ज मागवले तर इतके आले की क्रम लावायला चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. म्हाडाच्या घरांची सोडत पाहिलेल्या वाचकाला अधिक समजावून सांगायला नको.

आणि एक खरंच दुर्मिळ: रॉक आयलंडच्या शस्त्रागारात १९७२ पासून बनलेलं एम १५. फक्त जनरल हुद्द्याच्या अधिकाऱ्यांसाठी, जुन्याच .४५ च्या भागांपासून आखूड केलेलं, सगळी मिळून हजारेक. इथे हुद्दाच दुर्मिळ, म्हणून पिस्तूल दुर्मिळ.

पूर्व युरोपकडे वळलं की कागदाची सत्ता आणखी स्पष्ट होते. सोव्हिएत माकारोव्ह हे जगात सर्वाधिक बनलेल्या पिस्तुलांपैकी एक. १९५१ मध्ये स्वीकारलं गेलं, इझेव्हस्कमध्ये लाखोंनी बनलं. पूर्व जर्मनीत झूल इथे, बल्गेरियात कझानलाक इथे, चीनमध्येही थोडी. त्याचं ९ मि.मी. काडतूस पाश्चात्त्य ९ मि.मी. पेक्षा किंचित जाड, म्हणजे शत्रूची काडतुसं यात बसत नाहीत आणि याची त्यांच्यात. तर असं हे कोट्यवधींच्या ओळखीचं पिस्तूल अमेरिकेतल्या संग्राहकाला अस्सल सोव्हिएत सैन्याच्या शिक्क्यासह हवं असेल तर घाम फुटतो. कारण १९६८ च्या कायद्याने परदेशी लष्करी सरप्लसची आयात बंद केली. १९८४ मध्ये जुन्या, संग्रहमूल्य असलेल्या शस्त्रांसाठी ती थोडी किलकिली झाली. १९९६ मध्ये रशियाशी करार होऊन मोजकेच प्रकार आत येतील असं ठरलं. त्याआधी रशियाने अमेरिकेसाठी जी माकारोव्ह पाठवली ती मागच्या बाजूला हलवता येणारी, ठसठशीत नेमपट्टी बसवून. आयातीच्या नियमात हातबंदुकीला ‘क्रीडोपयोगी’ असण्याचे गुण मिळवावे लागतात, त्यासाठीचा हा दागिना. सैनिकाच्या कमरेच्या म्यानात ते नीट मावतसुद्धा नाही. उलट पूर्व जर्मनीच विरघळून गेल्यामुळे झूलची सुबक माकारोव्ह नव्वदीच्या सुरुवातीला रीतसर अमेरिकेत पोचली. देश मेला, म्हणून त्याची पिस्तुलं सुटली.

बाहेरून आलेल्या प्रत्येक पिस्तुलावर आयातदाराने आपलं नाव-गाव कोरायचं, असाही नियम आहे. या कोरीव ओळीला संग्राहक जन्माचा वैरी मानतात. ती नसलेलं पिस्तूल म्हणजे कुणा सैनिकाने स्वतः आणलेलं, असा अर्थ लागतो आणि भाव चढतो. म्हणून ती ओळ घासून काढणारे महाभागही आहेत. ती लबाडी आहे, आणि जाणत्या डोळ्याला घासलेली जागा कळते: आजूबाजूच्या सपाटीपेक्षा तिथे प्रकाश किंचित वेगळा वळतो.

करार मोडल्यामुळे जन्मलेल्या दुर्मिळतेचा नमुना म्हणजे हंगेरीचं टोकागिप्ट ५८. नावातच सगळं आहे: टोकारेव्ह अधिक ईजिप्त. बुडापेस्टच्या कारखान्याने सोव्हिएत टोकारेव्हला ९ मि.मी. ची नळी दिली, सुरक्षा खटका दिला, नवा दस्ता चढवला. पंधरा हजारांच्या आसपास बनली आणि मग ईजिप्तने उरलेल्यांकडे पाठ फिरवली. बरीचशी पश्चिम जर्मनीच्या बाजारात ‘फायरबर्ड’ नावाने खपली. साम्यवादी कारखाना, अरब गिऱ्हाईक, शेवटी भांडवलशाही दुकान. दुसऱ्या टोकाला उत्तर कोरियाचं टाइप ६४: १९०० सालच्या बेल्जियन ब्राउनिंगची नक्कल, साठीच्या दशकात! इतकं जुनाट पिस्तूल का निवडलं? १९०९ मध्ये हार्बिनच्या स्टेशनवर आन जुंग-गुन या कोरियन देशभक्ताने जपानच्या इतो हिरोबुमीला मारलं ते याच नमुन्याच्या पिस्तुलाने, हे उत्तर सर्वांत पटण्याजोगं. गंमत म्हणजे त्याच्या अंगावर ७.६२ लिहिलेलं असतं आणि काडतूस लागतं ७.६५ चं. सरकारी शिक्का वाचावा, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

युद्धातून घरी आणलेल्या हत्यारांचं वेगळंच प्रकरण. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकाला शत्रूचं पिस्तूल विजयचिन्ह म्हणून घरी नेता येई. त्यासाठी एक नोंदणीपत्र भरावं लागे. सैनिकाचं नाव, तुकडी, पिस्तुलाचा क्रमांक, वरिष्ठाची सही. चार घड्या घालून खिशात ठेवलेला, घामाने पिवळा पडलेला तो कागद आज पिस्तुलासोबत असला तर किंमत कुठल्या कुठे जाते. चिनी टोकारेव्ह पुष्कळ आहेत. कागदासहचं चिनी टोकारेव्ह ही दुसरीच वस्तू. इराकच्या युद्धापर्यंत हे दार बंद झालं होतं. शत्रूचं हत्यार घरी नेणाऱ्यावर कारवाई होऊ लागली, त्यामुळे बेरेटाच्या परवान्याने बनलेलं इराकी ‘तारिक’ पिस्तूल तिकडे हजारोंनी हाताळलं गेलं तरी अमेरिकेतल्या संग्रहांत अगदी विरळ. अपवाद एकच, आणि तो मोठ्या माणसाचा: डिसेंबर २००३ मध्ये सद्दाम हुसेन खड्ड्यातून सापडला तेव्हा त्याच्यापाशी असलेलं ग्लॉक सैनिकांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांना भेट दिलं. ते आता डॅलसच्या त्यांच्या संग्रहालयात आहे.

कायदा दुर्मिळता घडवतो, तसा पुसूनही टाकतो. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने परवान्याच्या हातबंदुकांनी सोळा मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला मारलं. पुढच्या वर्षी ब्रिटनने हातबंदुकांवर जवळपास संपूर्ण बंदी आणली. सुमारे १ लाख ६२ हजार हातबंदुका जमा झाल्या, आणि जमा झालेल्या बहुतेक भट्टीत गेल्या. त्यात नुसत्या गोळ्या झाडायच्या बंदुका होत्या तशी इतिहासाची साधनंही होती. पण त्या कायद्यात एक खिडकी ठेवली आहे. १९१९ च्या आधी बनलेलं पिस्तूल, त्याची काडतुसं सहज मिळत नसतील तर, घरी ठेवता येतं. नंतरचं पिस्तूल विशेष दुर्मिळ, सुंदर, तांत्रिकदृष्ट्या लक्षणीय किंवा ऐतिहासिक असल्याचं पटवून दिलं तर ठरावीक सुरक्षित ठिकाणी ठेवता येतं. मालकाने तिथे जाऊन ते पाहावं. म्हणजे दुर्मिळ कशाला म्हणायचं हे तिथे आता सरकारच ठरवतं. जर्मनीत संग्राहकाला लाल रंगाचं परवानापत्र मिळतं, पण त्याआधी आपला विषय नेमका मांडावा लागतो आणि तो सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने का महत्त्वाचा हे सिद्ध करावं लागतं. विद्यापीठातल्या पीएच.डी.च्या नोंदणीसारखंच. जानेवारी २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांत निकामी म्हणून विकलेली आणि पुन्हा जिवंत केलेली हत्यारं सापडल्यावर युरोपीय संघाने निकामी करण्याचे नियम इतके कडक केले की स्लाइडसुद्धा हलू नये. पी २१० ची ती रेशमी चाल कायमची गोठवून टाकणं अनेकांना सहन होत नाही. मला त्यांचं दुःख कळतं. पण डनब्लेनच्या सोळा मुलांशेजारी ते ठेवलं की ते दुःख किती लहान आहे हेही कळतं, आणि जे संग्राहक हे मान्य करत नाहीत त्यांच्याशी बोलण्यात मला रस उरत नाही.

आपल्याकडे हा छंद जवळपास अशक्यच. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम ९ मि.मी. च्या लष्करी काडतुसाचं पिस्तूल, तसंच .३८० आणि .४५५ ची रिव्हॉल्व्हरं ‘प्रतिबंधित’ वर्गात टाकतात. या लेखातली निम्मी पिस्तुलं तिथेच बाद. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्यांसाठी आयातही बंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. दोन शस्त्रांचा कसला संग्रह? अगदी वापरण्याजोगं न उरलेलं, दुरुस्त करूनही न चालणारं पुराणवस्तूसारखं हत्यार तेवढं कायद्याच्या कचाट्यातून सुटतं. परिणाम असा, की परदेशात दुय्यम समजलं जाणारं जुनं विलायती .३२ इथे लाखांत जातं. ती दुर्मिळता आहे, पण इतिहासाची नव्हे, टंचाईची.

भारतीय सैन्याचं स्वतःचं युद्धोत्तर पिस्तूल मात्र मोठं रंजक आहे. इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं ‘पिस्तूल ऑटो ९ मि.मी. १ए’. त्याचं मूळ टोरांटोच्या इंग्लिस कंपनीत. बॉयलर बनवणाऱ्या या कंपनीने महायुद्धात ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलं बनवली आणि युद्ध संपल्यावर ती धुलाई यंत्रांकडे वळली. तिचं पिस्तूल मात्र इशापूरच्या रूपात पुढची कित्येक दशकं आपल्या अधिकाऱ्यांच्या कमरेला राहिलं. परदेशातल्या हाय-पॉवर संग्राहकाकडे बेल्जियम, कॅनडा, अर्जेंटिना अशी रांग असते. १९८२ च्या फॉकलंड युद्धात तर दोन्ही बाजूंच्या कमरेला हेच पिस्तूल होतं. त्या रांगेत इशापूरची जागा बहुधा रिकामी. आपल्या सैन्याने त्याचा सरप्लस जगाला विकलाच नाही. एका परीने १ए हे या सगळ्यांत सर्वांत दुर्मिळ.

पण इशापूरचं पिस्तूल ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडेही पुण्याच्या खडकीचा एक तुकडा बहुधा असतो. काडतुसं जमवणाऱ्यांचा वेगळा पंथ आहे, आणि त्यांच्या खोक्यांत ‘केएफ’ या अक्षरांची ९ मि.मी. काडतुसं हटकून सापडतात. पितळी पुंगळीच्या बुडावर गोलाकार कोरलेलं: केएफ, सालाचे दोन आकडे, ९ मि.मी., आणि २झेड. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, १८६९ पासूनची खडकीची दारूगोळा फॅक्टरी. खडकी बाजारातून सायकलवर जाणाऱ्या कामगारांनी भरलेली ती काडतुसं कोपनहेगनच्या कुणाच्या तरी खणात कापसावर मांडलेली असतात.

कागदाची ही सत्ता मी घरातही पाहिली. माझ्या मामांकडे एक विलायती .३२ रिव्हॉल्व्हर होतं. उसाच्या रात्रपाळीला पाणी द्यायला जाताना ते कधी बरोबर नेत नसत. पण निवडणूक जाहीर झाली की मात्र नेत, पोलीस ठाण्यात जमा करायला. रुमालात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत, वर दोन पेरू. एका नूतनीकरणात कारकुनाने क्रमांकातला ३ हा ८ लिहिला. पुढच्या खेपेला ठाण्यात रिव्हॉल्व्हर आणि परवाना जुळेना. “हे तुमचं नव्हेच,” हवालदार म्हणाला. मामा म्हणाले, “मग ठेवून घ्या, आणि माझं द्या.” ३ चा पुन्हा ३ व्हायला दीड वर्ष आणि तालुक्याच्या कितीतरी खेपा लागल्या. मामा गेल्यावर वारसांपैकी कुणालाच परवाना नको होता. रिव्हॉल्व्हर रीतसर व्यापाऱ्याला गेलं. आता उरल्या आहेत त्या ठाण्याच्या जमा-पावत्या, सात निवडणुकांच्या, एका सुतळीत ओवलेल्या. चौथीवरचा क्रमांक चुकीचा आहे.